वैनगंगेतला झिंगा नेमका कोणाच्या हद्दीत येते?

पवनीचा_पोरगा

नमस्कार लोकहो, मोठं लिहून राहिलो, सवडीनं वाचा.

आजी सध्या नागपुरात आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली तशी म्हणाली मले मंगळवारी बाजारात ने, मासळी डोळ्यानं पाहू दे. नेलं. बर्फाच्या खोक्यात आंध्राकडून आलेले झिंगे होते, तिनं एक उचलला, उलटा केला, पायापासून नांगीच्या टोकापर्यंत बोट फिरवलं अन् परत ठेवला. म्हणे, "हा आपला नोहे. आपल्या झिंग्याची नांगी त्याच्या अंगापेक्षा लांब राहे." मंग घरी येईपर्यंत तेच बोलत होती. पवनीच्या घाटावर पहिला पूर ओसरला का काठाकाठानं झिंगा चढे, पोट्टे रात्री कंदील घेऊन जात, दगडाच्या सांदीत हात घालून काढत, सकाळी अर्धी टोपली घरी अन् अर्धी तांदळाच्या बदल्यात गावात. आम्ही ढिवर, आमच्या घरात धान यायचा तो असा. आता मामाच्या जाळ्यात तसा झिंगा येऊन कित्येक वर्षं झाली. जे येते ते सोडलेलं कटला-रोहू नाहीतर तिलापिया.

मी मंग वाचत बसलो. हा गोदावरी झिंगा, शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. मादी पोटाखाली अंडी घेऊन फिरते, पण अळी जगायले खारट-मचूळ पाणी लागते, म्हणजे तिचं लहानपण खाडीच्या तोंडाशी जाते, अन् थोडी मोठी झाली का ती उलटी पाण्याच्या धारेविरुद्ध वर चढते. आता नकाशा पाहा. आमची वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात निघते, बालाघाटवरून भंडाऱ्यात येते, पवनीवरून खाली जाते, वर्धा तिले मिळते तिथून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, मंग तेलंगण, मंग आंध्र, मंग समुद्र. चार राज्यं अन् एकच झिंगा!

एका सरकारी कार्यालयात गेलो होतो विचारायले, का बा नदीतला मूळ झिंगा-मासा राखायचं काम कोणाकडे आहे. पहिल्या टेबलवर म्हणाले आम्ही तलावाचा ठेका अन् बोटुकली, म्हणजे सोडायचं माशाचं बी, पाहतो, नदीचं पाणी दुसऱ्या खात्याकडे. तिकडे गेलो तं म्हणाले आम्ही पाणी मोजतो, मासे नाई. तिसरे म्हणाले खाली बंधारा दुसऱ्या राज्याचा आहे, आमचं काही चालत नाई. तिघंही नीट बोलले, चहा पण पाजला, खोटं कोणीच बोललं नाई. पण झिंग्याचं नाव कोणाच्याच रजिस्टरला नाई.

तं माझा प्रश्न सरळ आहे. जगात कुठं असं करतात का, का प्राणी जिथपर्यंत फिरते तिथपर्यंत एकच हिशोब ठेवायचा, राज्य कोणतंही असो? अन् आपल्याकडे कायद्यात ते बसते का?

कोकणातली_नागपूरकरीण

फार चांगला धागा काढलात दादा. मी मूळची रत्नागिरीची, लग्नानंतर इथे, सतरा वर्षं झाली. बाबांची होडी होती, आता भाऊ बघतो. तुमचा प्रश्न नदीचा आहे पण समुद्रावर तोच प्रश्न आम्ही रोज भोगतो म्हणून लिहिते.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी दोन ठिकाणी आहे. राज्यसूचीत २१ नंबरची नोंद, "मत्स्यव्यवसाय". आणि केंद्रसूचीत ५७ नंबर, प्रादेशिक पाण्याच्या पलीकडची मासेमारी. प्रादेशिक पाणी म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, साधारण २२ किलोमीटर. त्याच्या आत राज्याचा कायदा, आपला १९८१ चा, २०२१ ला सुधारला. त्याच्या बाहेर २०० मैलांपर्यंत केंद्र. आता सांगा, पापलेट बाराव्या मैलावर थांबून हद्द बघतं का? ते पिल्लू असताना किनाऱ्याजवळ असतं, तिथे डोल जाळ्यात सापडतं, मोठं झालं की बाहेर जातं, तिथे मोठ्या बोटी बसलेल्या.

एलईडी लावून मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून ओढायची बुल ट्रॉलिंग केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बाहेरच्या पाण्यात बंद केली. आपल्या राज्याने पर्ससीनवर, म्हणजे मासळीचा थवा घेरून आवळायच्या मोठ्या जाळ्यावर, २०१६ लाच निर्बंध आणले. कागदावर छान. पण रात्री आमच्या गावच्या बंदरावरून बघा, क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, जणू तिकडे दुसरं शहर आहे. भाऊ म्हणतो ते बाहेर आहेत की आत हे ठरवेपर्यंत मासळी गेलेली असते.

तमिळनाडूची गोष्ट तर अजून बोलकी. राज्याने पर्ससीन बंद केलं, बोटवाले सुप्रीम कोर्टात गेले की बाहेरचं पाणी राज्याचं नाहीच. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला, १२ मैलांच्या बाहेर, फक्त सोमवार आणि गुरुवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. म्हणजे जाळं तेच, मासळीचा थवा तोच, आणि एका रेषेच्या अलीकडे गुन्हा, पलीकडे आठवड्यातून दोन दिवस परवाना.

तलाववाला_भंडारा

पोरगा, तुह्या आजीले नमस्कार सांग. नांगीची खूण तिनं बरोबर सांगतली. आमच्या संस्थेतले म्हातारे पण तीच सांगतात.

सोनेगावकर

पवनीचे भाऊ, समुद्र दूर राहू द्या, दोन राज्यांचा घोळ पाहायचा असेल तर आपल्या नागपूरच्या डोक्यावरच तोतलाडोह आहे. आपण नळ उघडतो ते पाणी बहुतेक तिथूनच येतं, तोतलाडोहातून नवेगाव खैरी आणि तिथून शहर. धरणाची भिंत आपल्याकडे, जलाशय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही राज्यांत पसरलेला, वीजघर १६० मेगावॉटचं त्यात दोघांची भागी, आणि दोन्ही काठांना पेंच व्याघ्र प्रकल्प, तिकडचा वेगळा इकडचा वेगळा. मी वीसेक वर्षं तिथे पाणपक्षी मोजायला जातो.

१९९७ ला सुप्रीम कोर्टात याच जलाशयाची केस होती. मध्य प्रदेशच्या वनखात्याने राष्ट्रीय उद्यानातून आधी उठवलेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना तोतलाडोहात मासेमारीचे परवाने दिले, त्याला पर्यावरणवाद्यांनी आव्हान दिलं. कोर्टाने परवाने एकदम रद्द केले नाहीत. अटी घातल्या, प्रत्येकाला फोटो ओळखपत्र, ठरलेल्या रस्त्यानेच यायचं-जायचं, काठावर स्वयंपाकासाठी आग लावायची नाही, आणि रोज किती मासळी काढली त्याची नोंद ठेवायची. मला ही शेवटची अट फार महत्त्वाची वाटते. परिसंस्था सांभाळायची तर पहिली गोष्ट म्हणजे रोजची वही.

पण बघा, कोर्टापुढे प्रश्न आला तो एका राज्याच्या काठाचा. पाणी एकच. इकडच्या काठावर जाळं टाकलं की वन्यजीव कायदा, मग पकडापकडी, होड्या जप्त, कधी मारामारी. जलाशयात मासे किती आहेत, मगरी-कासवांना, पाणमांजरांना किती लागतात, मग माणसासाठी किती उरतात, हा हिशोब दोन्ही काठांनी एकत्र बसून केलाय असं मी तरी पाहिलं नाही. जंगल आणि वन्यजीव समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र-राज्य दोघांकडे, पाणी राज्याकडे, आंतरराज्य नदीची नोंद ५६ केंद्राकडे, मासे परत राज्याकडे. एका जलाशयावर घटनेच्या पाच नोंदी येऊन बसल्यात.

रिचमंडहून_नागपूरकर

मी शंकरनगरचा, बारा वर्षं व्हर्जिनियात आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो कारण इथे हे डोळ्यासमोर घडलं.

अमेरिकेत पण हीच रेषा आहे, फक्त आकडा वेगळा. बहुतेक राज्यांचं पाणी ३ सागरी मैलांपर्यंत, टेक्सास आणि फ्लोरिडाचा आखाताकडचा किनारा ९ मैल, त्यापुढे २०० पर्यंत फेडरल म्हणजे केंद्राचं. १९७६ चा मॅग्नुसन-स्टीव्हन्स कायदा, त्याखाली आठ प्रादेशिक कौन्सिल, त्यात राज्यांचे अधिकारी, मच्छीमार, शास्त्रज्ञ असे सगळे एका टेबलाला. आणि अटलांटिकच्या बाजूला १५ राज्यांचा एक आयोग आहे, १९४२ पासूनचा, प्रत्येक राज्याचे तीन जण, एक खात्याचा प्रमुख, एक आमदार, एक राज्यपालाने नेमलेला.

आता मेनहेडन नावाचा मासा. आपल्या तारलीसारखा, तेलकट, हातभर पण नाही, माणूस ताटात घेत नाही, त्याचं तेल आणि भुकटी काढतात. पण त्याला खाणारे किती! स्ट्राइप्ड बास नावाचा मोठा मासा, देवमासे, ऑस्प्रे नावाची मासेखाऊ घार, जी हिवाळ्यात आपल्या विदर्भातल्या तलावांवर पण दिसते. वर्षानुवर्षं हिशोब असा होता की मेनहेडनची संख्या टिकते आहे ना, मग झालं. त्याला खाणाऱ्यांचं पोट भरतं का हे कोणी धरत नव्हतं. ऑगस्ट २०२० मध्ये त्या आयोगाने नियम बदलला. आता मेनहेडन किती काढायचा हे ठरवताना स्ट्राइप्ड बासला किती लागतो ते आधी धरतात. परिसंस्थेवर आधारित व्यवस्थापन म्हणतात ते हेच, एका माशाची वही बंद करून अख्ख्या घराची वही उघडायची.

हद्दीचं सांगतो. चेसापीक नावाची मोठी खाडी आहे, तिथे मेनहेडनचं बालपण जातं. २०१७ ला आयोगाने त्या खाडीतून कारखान्यासाठी काढायच्या मेनहेडनवर ५१,००० टनांची मर्यादा घातली. व्हर्जिनियाने ती आपल्या कायद्यात घेतलीच नाही आणि २०१९ मध्ये मर्यादा ओलांडली गेली. आयोगाने व्हर्जिनियाला नियमभंग करणारं राज्य ठरवलं, १९९३ चा एक कायदा आहे त्याखाली प्रकरण केंद्राच्या वाणिज्य मंत्र्याकडे गेलं, त्यांनी सांगितलं जून २०२० पर्यंत सुधारा नाहीतर तुमच्या पाण्यातली मेनहेडनची मासेमारीच बंद. राज्याच्या विधिमंडळाने मग तो अधिकार आपल्या सागरी आयोगाकडे दिला आणि मर्यादा मान्य केली. म्हणजे राज्यांनी एकत्र बसून ठरवायचं, आणि एखादं राज्य फुटलं तर केंद्राने कान धरायचा, पण कान धरायचा अधिकार कायद्यात आधीच लिहिलेला पाहिजे.

मासळीवाला_बुधवारी

सगळं वाचलं. रागावू नका पण मी दुकानात बसणारा माणूस आहे. गिऱ्हाईकाले दोनशेच्या आत किलो पाह्यजे. आंध्राचा माल रोज येते, वजनात पक्का, बर्फात टिकते. नदीचा झिंगा आला तरी मी तो आठशे-हजारले विकीन, घेईन कोण? अन् ढिवराच्या पोरानं आज जाळं टाकलं नाई तं संध्याकाळी चूल पेटत नाई. देवमाशाच्या पोटाचा हिशोब करणाऱ्यानं आधी त्याच्या पोटाचा करावा.

पवनीचा_पोरगा

काका, तुमचं बरोबर आहे अन् म्हणूनच तर विचारून राहिलो. तोच ढिवर आहे ना आमचा मामा. झिंगा हजारले विकला गेला तं तो मामाच्या घरात जाईल, कटल्याच्या बोटुकलीचे पैसे तं ठेकेदारानं आधीच कापून घेतले राहतात. मूळ मासा हा फुकटचा मासा आहे, त्याचं बी विकत आणा लागत नाई, नदीच पेरते. तो संपला म्हणून तं मामा ठेकेदाराच्या हाताखाली गेला.

कोकणातली_नागपूरकरीण

मासळीवाले काका, तुमच्या मुद्द्यावर एक आकडा देते. केरळात २०१२ ला तारली जवळपास चार लाख टन निघाली होती. २०२१ ला ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. नुसत्या जाळ्यांमुळे नाही, मधे २०१५ चा एल निनो आला, म्हणजे पॅसिफिक महासागर तापून हवामान बिघडतं ते, पाणी तापलं, तारलीचं खाणं आणि अंडी घालणं बिघडलं. नेमक्या त्याच वेळी पिल्लंही पकडली गेली. समुद्र तापला हे मच्छीमाराच्या हातात नाही, पण तापलेल्या वर्षात जाळं कमी टाकायचं हे तर आहे, आणि ते ठरवायला कोणीतरी समुद्राचं तापमान आणि तारलीची वही शेजारी शेजारी ठेवून बघायला हवं. तेव्हा चुली बंद पडल्या त्या मच्छीमारांच्याच.

आपल्याकडे सुरुवात झालीये. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर, त्याहून लहान पकडायची नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. नागपूरच्या बाजारात मी स्वतः पंजाएवढीसुद्धा नसलेली पापलेटची पिल्लं विकताना पाहिलीत. आपण घेतो म्हणून ती येतात. मी आता घेत नाही, मुलांना आवडतात तरी नाही.

निवृत्त_जलअभियंता

मी पाटबंधाऱ्यात छत्तीस वर्षं काढली. धागा वाचून काही गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिलं म्हणजे धरणाला सरसकट शिव्या देऊ नका. तोतलाडोह नसता तर हे शहर उन्हाळ्यात तहानलेलं राहिलं असतं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ला झाली, त्या पाण्यावर धान उभा आहे. पण पवनीच्या मुलाने जे लिहिलं त्यातली एक ओळ मला लागली, "आम्ही पाणी मोजतो, मासे नाही". खरं आहे. गोदावरी तंटा लवादाचा निवाडा १९८० चा, त्यात कोणत्या राज्याला किती पाणी याचा काटेकोर हिशोब आहे, आम्ही तो आयुष्यभर पाठ केला. त्यात नदीतल्या माशासाठी वेगळं पाणी राखायची ओळ मला तरी आढळली नाही. त्या काळात कोणी मागितलीच नाही आणि माझ्या टेबलावर आलेल्या एकाही फाइलमध्ये मी ती मागितली नाही, याचं आज वाईट वाटतं.

दुसरं, झिंग्याच्या वाटेतले अडथळे मोजा. समुद्राकडून निघाला तर आधी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम, सर आर्थर कॉटनने १८५२ मध्ये पूर्ण केलेला बंधारा, आता त्या जागी नवीन बॅरेज आहे. मग वर तेलंगणाची बॅरेजेस, त्यातलं मेडीगड्डा आपल्या सिरोंच्याच्या समोर, २०१९ ला सुरू झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. मग आपल्या हद्दीत वैनगंगेवर चिचडोह, मग गोसीखुर्द. झिंगा ओल्या दगडावरून चढू शकतो हो, पण सरळ काँक्रीटच्या कोरड्या भिंतीवरून नाही.

गंगेवर फरक्का १९७५ ला सुरू झालं. त्याआधी हिल्सा समुद्रातून अलाहाबादपर्यंत जायची, ती बंद झाली. तिथे फिश लॉक, म्हणजे माशांना वर जायची दारं, बांधले होते तरी. म्हणजे नुसती वाट बांधून होत नाही, दार कधी उघडायचं हे माशाच्या वेळेनुसार ठरवावं लागतं. पहिल्या पुराच्या दिवसांत दारं खाली ठेवायची की वर, पाणी किती तासांत किती सोडायचं, या गोष्टी धरणाच्या माणसाच्या हातात असतात. जूनअखेरीस धरण रिकामंच असतं, तेव्हाचे आठ-दहा दिवस झिंग्यासाठी दिले तर सिंचनाचं फार बिघडत नाही, पण एकट्या गोसीखुर्दने देऊन उपयोग नाही. खालपासून वरपर्यंत एकामागून एक दारं उघडली पाहिजेत. त्यासाठी तीन राज्यांच्या अभियंत्यांना एकमेकांचे फोन नंबर माहीत पाहिजेत, पूर आल्यावर आम्ही करतोच ना फोन, गावं बुडू नयेत म्हणून.

सोनेगावकर

साहेब, शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. पुरासाठी जी यंत्रणा आहे तीच माशासाठी वापरायची, नवीन कमिटी पण लागणार नाही. एक भर घालतो. झिंग्यासारखाच अहीर पण आहे, म्हणजे खरा ईल, आपली वाम नव्हे, वाम वेगळी. अहीर उलटा प्रवास करतो, आयुष्य नदीत काढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. म्हणजे दारं वर जाणाऱ्यांसाठी जशी हवीत तशी खाली जाणाऱ्यांसाठीही.

तलाववाला_भंडारा

मी जास्त बोलणारा माणूस नोहे पण आता लिहितो.

नदीचं मोठं आहे, मी तलावाचं सांगतो. आमच्याकडचे मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गोंड राजाच्या काळात कोहळ्यायनं, म्हणजे कोहळी समाजाच्या लोकायनं, बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले. आता एका तलावावर मालक किती सांगू? शंभर हेक्टरपर्यंत ओलीत करणारा तलाव जिल्हा परिषदेकडे, मासेमारी आमच्या संस्थेच्या ठेक्यात, पाणी शेतकऱ्याचं, पाणी आटल्यावर पेरतात ती गाळपेऱ्याची जमीन आणखी कोणाची, काठावरची झाडं वनखात्याची. तुमच्या बारा मैलाची भानगड आमच्या इथं बारा एकरात आहे.

आम्ही पण आधी सगळ्यायसारखं केलं. शासनाची योजना आली, कटला-रोहू-मृगळ टाकलं, वरून सिप्रनस अन् गवत्या हे बाहेरून आणलेले मासे टाकले. दोन वर्षं माल बरा निघाला. मंग पाहतो तं तळाची वनस्पती साफ, गवत्यानं खाल्ली अन् सिप्रनसनं चिखल उकरून मुळं उपटली, पाणी गढूळ. मरळ गायब, मागूर गायब, कमळ गेलं, कमळ गेलं तशी पाखरं गेली. काठावर राहिलं ते बेशरम नावाचं रानटी झुडूप.

मंग आमच्या जिल्ह्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकायनं ढिवरायच्या बायाबापड्यायसंगं काम सुरू केलं, ते पाहून आम्ही पण केलं. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढलं, पाणी आटलं तेव्हा तलावाचा एक भाग नांगरला, अन् पाऊस पडल्यावर दुसऱ्या चांगल्या तलावातून पाणवनस्पतीची रोपं आणून बायायनं चिखलात रोवली, धानाची रोवणी करतात तशीच, वाकून, ओळीत. एक कोपरा जाळ्यासाठी बंद ठेवला. पहिल्या वर्षी काही नाई दिसलं. तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या बायकोनं मले हाका मारून नेलं, पाण्यात वनस्पतीच्या मधात मरळीची पिलं, लाल लाल, थवाच्या थवा, अन् खाली नर-मादी दोघं पहारा देऊन राहिले. मी पंचेचाळीस वर्षाचा माणूस, तिथं उभा राहून रडलो.

तुमचं ते परिसंस्थेचं व्यवस्थापन म्हणजे हेच असन तं आम्ही करून राहिलो. पण ठेका मुदतीचा राहते. वनस्पती लावायची आम्ही अन् ठेका संपला का लिलावात दुसरा येईन अन् गवत्या टाकीन, ही भीती राहते. त्यासाठी हद्दीपेक्षा मुदत वाढवा, असं माझं मत.

रिचमंडहून_नागपूरकर

दादा, तुमची पोस्ट मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली.

मुदतीचा मुद्दा इथेही कळीचा आहे. स्ट्राइप्ड बास १९८० च्या आसपास संपत आला होता. १९८४ ला कायदा झाला, मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली, आणि केंद्राच्या पाण्यात, म्हणजे ३ मैलांच्या बाहेर, तो पकडायला १९९० पासून आजही बंदी आहे. १९९५ मध्ये साठा पुन्हा उभा राहिला असं जाहीर झालं. दहा वर्षं धीर धरावा लागला आणि त्या काळात होड्यावाल्यांचे हाल झाले, ते विसरून चालणार नाही. बंदीच्या काळात मच्छीमाराच्या घरी काय येणार हे त्याच कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे.

निवृत्त_जलअभियंता

एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून मीच काढतो. आपलं सांडपाणी. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला, आणि तिथून पुढे गोसीखुर्दचं साठलेलं पाणी. नागपूरच्या संडासांचं पाणी शेवटी पवनीकरांच्या जाळ्यात जातं. अंभोऱ्याच्या टेकडीवरून पाहा, इकॉर्निया कसा पसरलाय, जलपर्णी म्हणतात ती. त्याखाली पाण्यातला प्राणवायू संपतो. नाग नदीचा प्रकल्प केंद्राच्या नदी संवर्धन योजनेत आहे, तो पूर्ण होईपर्यंत दारं उघडूनही झिंगा इकडे येऊन करेल काय? त्यामुळे टेबलावर चौथी खुर्ची नागपूर शहराची पाहिजे.

मासळीवाला_बुधवारी

साहेब, हे मले माहीत होतं पण असं कोणी तोंडावर सांगतलं नव्हतं. मी आधी जे लिहिलं ते मागं घेत नाई, पोट आधी. पण पवनीवाल्या भाऊचा झिंगा जर खरंच आला तं मी तो वेगळ्या टोपलीत ठेवीन, आंध्राच्या मालात मिसळणार नाई, अन् कुठून आला ते गिऱ्हाईकाले सांगीन. अन् पोटात अंडी असलेली मादी माझ्या दुकानात आषाढ-श्रावणात येते, ती घेणं बंद करतो, एवढं माझ्या हातात आहे.

पवनीचा_पोरगा

काका, हे वाचून लय बरं वाटलं.

सगळ्यायचं वाचून मले असं वाटून राहिलं का आपल्याले नवा कायदा मागायच्या आधी वही पाह्यजे. तोतलाडोहाच्या केसमध्ये कोर्टानं रोजची नोंद मागितली, अमेरिकेत आधी नोंदी होत्या मंग नियम बदलला. आमच्या झिंग्याची नोंदच नाई, तं उद्या तीन राज्याचे साहेब एका टेबलावर बसले तरी मांडतील काय? तलाववाले भाऊ, तुमच्या संस्थेत जुनी रजिस्टरं असतील का, नदीवरची मासेमारी होती तेव्हाची?

तलाववाला_भंडारा

आहेत. आमच्या वडलायच्या हातची, १९८३ पासूनची. कोणत्या घाटावर किती किलो, मरळ वेगळी, झिंगा वेगळा, भाव पण लिहिला आहे. दोन वह्या वाळवीनं खाल्ल्या, बाकीच्या लोखंडी पेटीत आहेत. आजवर कोणी मागितल्या नाई.

कोकणातली_नागपूरकरीण

मी येते. फोटो काढून एकेक ओळ टाइप करून देईन, मला मोडी नाही पण घाईचं अक्षर वाचता येतं.

निवृत्त_जलअभियंता

गोसीखुर्दची दारं कोणत्या वर्षी कधीपासून बंद झाली, पाणी कसं टप्प्याटप्प्याने साठवलं, ते मी माझ्या डायऱ्यांवरून काढून देतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

पवनीचा_पोरगा

रविवारी निघू. आजीले पण आणतो, डॉक्टरनं प्रवासाले हो म्हटलं आहे. वहीत झिंगा लिहिला असन तं कोणता झिंगा ते तिलेच विचारू, तिच्याकडे तीन-चार नावं आहेत.

तलाववाला_भंडारा

सकाळच्या पहिल्या बसनं या, उन्हं चढायच्या आत पेटी अंगणात काढतो. म्हातारीसाठी मऊ भात अन् मरळीचा रस्सा करून ठेवतो, आमच्या तलावातलीच.